रिपोर्टवर ‘सीव्हिअर स्लीप अ‍ॅप्निया’ आलंय? मशीन घेण्याआधीपासून पहिल्या महिन्यापर्यंतची कामं, क्रमानं

स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार, ‘सीव्हिअर’ म्हणजे तीव्र, आणि मशीन म्हणजे रात्रभर मास्कमधून दाबानं हवा सोडणारी सीपॅप. झोपेच्या चाचणीचा रिपोर्ट आला की काही घरांत ‘घोरतात तर सगळेच’ म्हणून तो फाईलमध्ये जातो. काही घरांत घाबरून त्याच आठवड्यात मशीन आणली जाते, चार रात्री कशीबशी लावली जाते आणि मग ती कपाटावर चढते. हा दुसरा प्रकार जास्त वाईट. पैसे तर जातातच, शिवाय ‘मला मशीन सोसत नाही’ असा समज पक्का होऊन बसतो आणि पुढे दोन-तीन वर्षं तो माणूस दवाखान्याचं नाव काढत नाही.

अशा वेळी दोष बहुधा मशीनचा नसतो, कामं उलट्या क्रमानं झालेली असतात. मास्क न बघता मशीन घेतली, लाईटची सोय न करता पहिली रात्र काढली, आणि नंतर मशीनमधले आकडे कुणी उघडून पाहिलेच नाहीत. खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नका. हे सगळं मोठ्या माणसांच्या, घशातली वाट मिटल्यामुळे होणाऱ्या आजाराबद्दल आहे. लहान मुलांचं गणित वेगळं, त्यांच्यात टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड आधी बघतात.

१. रिपोर्टमधले पाच आकडे कागदावर उतरवा

रिपोर्ट बरीच पानं असतो आणि सगळा इंग्रजीत. सगळा समजायची गरज नाही. एवढंच शोधा:

एएचआय. झोपेत दर तासाला श्वास किती वेळा पूर्ण थांबला किंवा अर्धवट अडला, तो आकडा. अडथळा किमान १० सेकंद टिकला तरच मोजतात. ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि त्यावर तीव्र. एएचआय ४० आला तर सरासरी दर दीड मिनिटाला एकदा श्वास अडतोय.

ऑक्सिजन किती खाली गेला, आणि ९० टक्क्यांच्या खाली एकूण किती वेळ राहिला. दोघांचा एएचआय सारखा असला तरी ज्याचा ऑक्सिजन रात्रीतला तास-दीड तास ९० च्या खाली राहतो, त्याची घाई जास्त. डॉक्टरांना हा आकडा आवर्जून दाखवा.

अडथळा कोणत्या प्रकारचा. ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ म्हणजे वाट मिटते, छाती ओढत असते पण हवा आत जात नाही. ‘सेंट्रल’ म्हणजे मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटत नाही. सेंट्रल अडथळे बरेच असतील, किंवा हृदयाचं पंपिंग कमी असेल, तर दुकानातून आपल्या मनानं कोणतीही मशीन घेऊ नका. काही प्रकारच्या मशीन अशा रुग्णांना घातक ठरू शकतात.

उताणं झोपल्यावरचा एएचआय आणि कुशीवरचा एएचआय. बहुतेकांचा उताणं असताना वाढतो.

चाचणी दवाखान्यात रात्रभर झाली की घरी. घरच्या छोट्या यंत्रात मेंदूच्या लहरी मोजत नाहीत, त्यामुळे तुम्ही जागे पडून होतात तो वेळही हिशेबात येतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी निघू शकतो. म्हणून घरच्या चाचणीत तीव्र आलं तर ‘परत केली की कमी येईल’ या आशेवर महिने घालवू नका.

> इथे होणारी चूक: ‘मला तर काही त्रासच नाही’ असं म्हणून आकडा झटकणं. वर्षानुवर्षं अर्धवट झोपलेल्या माणसाला ताजंतवानं असणं कसं असतं याचाच विसर पडलेला असतो. त्रास किती आहे ते स्वतःला नव्हे, शेजारी झोपणाऱ्याला विचारा.

बायकांच्या बाबतीत हे आणखी अवघड होतं. त्यांची तक्रार बऱ्याचदा घोरण्याची नसते. थकवा, झोप न लागणं, सकाळचं डोकं दुखणं, चिडचिड. पाळी गेल्यानंतर हा आजार त्यांच्यात वाढतो, आणि त्याचं खापर मात्र वयावर नाहीतर ‘टेन्शन’वर फुटतं. घरातल्या बाईचा रिपोर्ट तीव्र आला असेल तर तो पुरुषाच्या रिपोर्टइतक्याच घाईनं हाताळा.

२. मशीन यायच्या आधी, आजपासून बंद करायच्या गोष्टी

चाचणी ते मशीन यात काही आठवडे जातात. या आठवड्यांतला सगळ्यांत मोठा धोका घोरण्याचा नाही, दिवसा डुलकी लागण्याचा आहे.

गाडी. दुपारी बसल्याबसल्या डोळा लागत असेल तर चारचाकी, दुचाकी, ट्रॅक्टर, काहीच चालवू नका. समृद्धी महामार्गासारख्या सरळसोट रस्त्यावर तर नाहीच. तिथे वळण नाही, खड्डा नाही, डोळा मिटायला अर्धं मिनिटही पुष्कळ. जीप किंवा ट्रक हाच धंदा असेल तर ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे ते उपचाराची घाई करतील. लपवून गाडी चालवत राहिलात तर तुमच्याबरोबर मागे बसलेलीही माणसं जातात.

कडबाकुट्टी, मळणी यंत्र, उसाचा रस काढायची मशीन यांवर बसायचं काम काही आठवडे दुसऱ्याकडे द्या. विहिरीच्या काठावर मोटार चालू करून बसून राहणंही नको.

दारू. झोपण्याआधीची एक घोटही घशाचे स्नायू सैल सोडते आणि अडथळे लांबवते.

झोपेच्या गोळ्या. ‘झोप नीट लागत नाही’ म्हणून मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या या आजारात उलट्या पडू शकतात. आधीपासून एखादी गोळी चालू असेल तर एकदम बंद करू नका, ज्यांनी लिहून दिली त्यांना हा रिपोर्ट दाखवा. कंबरदुखीसाठी तीव्र वेदनाशामक चालू असेल तर तेही सांगा.

आणि उताणं झोपू नका. पाठीशी गोधडीची जाड गुंडाळी लावून कुशीवर झोपायची सवय करा. तीव्र आजारावर हा उपचार नव्हे, तात्पुरता आधार आहे.

> हे दिसलं तर थांबू नका: सकाळी उठल्यावर माणूस गोंधळलेला, बरळल्यासारखा बोलतोय, ओठ निळसर दिसतायत, पाय सुजलेत, बसल्या जागी धाप लागतेय किंवा छातीत दुखतंय. १०८ ला फोन करा.

३. डॉक्टरकडे जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका

हा आजार मुख्यतः छातीविकारतज्ज्ञ बघतात. नाकाचा पडदा वाकडा असेल किंवा टॉन्सिल मोठे असतील तर कान-नाक-घसातज्ज्ञही लागतात. खासगी परवडत नसेल तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, इथल्या छातीविकार विभागाच्या ओपीडीत आधी दाखवा. झोपेची चाचणी आणि मशीनचं प्रेशर ठरवणं त्यांच्याकडेच होतं का, की बाहेरून करून आणायचं, हे पहिल्याच भेटीत विचारा.

सोबत न्या: रिपोर्टची पूर्ण प्रत (फक्त शेवटचं पान नाही), चालू गोळ्यांची पाकिटं, जुन्या बीपी-शुगरच्या नोंदी, आणि रात्री घोरताना-श्वास अडताना काढलेला दोन मिनिटांचा मोबाइलवरचा व्हिडिओ. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारी झोपणारं माणूस सोबत न्या. नवरा आत बोलतो, बायको बाहेर बाकावर बसते, आणि खरी माहिती तिच्याकडे असते.

डॉक्टर साधारणपणे बीपी, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड, ईसीजी बघतील. वजन खूप जास्त असेल आणि दिवसाही ऑक्सिजन कमी दाखवत असेल, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड तपासून घ्यायला सांगतील. हा तपास टाळू नका, कारण त्यावरूनच सीपॅप पुरेल की बायपॅप (दोन दाबांची मशीन) लागेल हे ठरतं.

> तपासा: बाहेर पडताना चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात. मशीनचा प्रकार, प्रेशर किंवा प्रेशरची मर्यादा, आणि पुन्हा कधी यायचं. यातलं एकही नसेल तर परत आत जाऊन विचारा.

४. मशीन निवडणं

सीपॅप म्हणजे खोलीतलीच हवा गाळून, ठरावीक दाबानं नाकात सोडणारी मशीन. त्या दाबानं घशाची वाट उघडी राहते. नेहमीच्या मशीनमध्ये हा दाब ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवता येतो. ‘ऑटो’ मशीन रात्रीत गरजेप्रमाणे दाब कमीजास्त करते. बायपॅपमध्ये श्वास घेताना एक दाब आणि सोडताना कमी दाब असतो.

आता सगळ्यांत महाग पडणारी चूक. कोविडच्या वेळी घरात घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर माळ्यावर असतो, आणि कुणीतरी सुचवतं, तोच लावा की. नका लावू. ऑक्सिजन दिल्यानं मिटलेली वाट उघडत नाही. आणि ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो त्यांना नुसता ऑक्सिजन धोक्याचा ठरू शकतो. शेजारीपाजारी ‘ऑक्सिजनवर आहेत म्हणे’ अशी कुजबुज करतील, त्यांनाही एकदा स्पष्ट सांगून टाका की ही साधी हवा आहे.

विकत घेण्याआधी भाड्यानं किंवा डेमोवर मिळते का ते विचारा. पंधरा दिवस-महिनाभर घरात वापरून मग घेणं शहाणपणाचं. घेताना विक्रेत्याला हे विचारा: रोज किती तास वापर झाला, हवा किती गळली आणि मशीन लावूनही उरलेला एएचआय किती, हे मशीन साठवते का? बिघडली तर सर्व्हिस कुठे, पुण्याला पाठवावी लागते का, आणि तोवर बदली मशीन मिळेल का? पक्कं बिल मिळेल का? मेडिक्लेम असेल तर खरेदीआधीच कंपनीला लेखी विचारा, नंतर भांडून उपयोग होत नाही.

जुनी मशीन घेत असाल तर मॉडेल आणि सिरियल नंबर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. जून २०२१ मध्ये फिलिप्स रेस्पिरॉनिक्सनं लाखो मशीन परत बोलावल्या होत्या, कारण आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची भीती होती. त्या यादीतली मशीन कुणी स्वस्तात देत असेल तर ती स्वस्त नाही. आणि दुसऱ्याचा मास्क, नळी, फिल्टर कधीच नाही.

५. मास्क: सगळ्यात जास्त वेळ इथे घाला

लोक मशीनच्या कंपनीवर तासभर चर्चा करतात आणि मास्क विक्रेता पिशवीत टाकेल तो घेतात. व्हायला पाहिजे उलटं. मशीन कोपऱ्यात असते, मास्क रात्रभर तोंडावर असतो.

मास्क तीन प्रकारचे. नाकपुड्यांत टेकणाऱ्या छोट्या उशांचा, नाक झाकणारा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. नाकानं श्वास घेता येत असेल तर नाकाच्या मास्कपासून सुरुवात करा. तो हलका असतो आणि गळतीही कमी होते. रात्री तोंड उघडं राहतं, सकाळी जीभ कोरडी लाकडासारखी होते, नाक कायम चोंदलेलं असतं, अशांना तिसरा लागू शकतो.

मास्क बसून बघायचा नाही, झोपून बघायचा. दुकानात बाकावर आडवं व्हायला लाजू नका. मशीन चालू करून, तुमच्या नेहमीच्या प्रेशरवर, दोन्ही कुशींवर वळून बघा. झोपल्यावर गालाची ठेवण बदलते आणि बसून घट्ट वाटलेला मास्क डोळ्यांत हवा सोडायला लागतो.

पट्टे आवळण्याचा मोह टाळा. हवा गळतेय म्हणून पट्टा ओढायचा, तरी गळते म्हणून आणखी ओढायचा, आणि सकाळी नाकाच्या दांडीवर लाल जखम. गळत असेल तर आधी मास्क चेहऱ्यापासून थोडा उचलून परत बसवा, म्हणजे आतली गादी फुगून नीट टेकते. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. एवढं करूनही गळत असेल तर माप चुकलंय, पट्टा नाही.

आपल्याकडच्या काही गोष्टी ज्या विक्रेता सांगत नाही: जाड मिशीवर नाकाच्या उशा नीट टेकत नाहीत, आणि दाढीवर मोठा मास्क गळतो. मिशी काढायची गरज नाही, दुसरा प्रकार लावून बघा. नाकात चमकी असेल तर रात्री काढून ठेवा. अंबाडा वर बांधला तर मागचा पट्टा घसरतो, त्यापेक्षा सैल वेणी घाला. रात्री डोक्याला तेल चोपडून झोपायची सवय असेल तर ते तेल सकाळच्या अंघोळीआधी लावा. तेलानं मास्कचं सिलिकॉन लवकर खराब होतं आणि पट्टेही घसरतात. कवळी वापरत असाल तर डॉक्टरांना विचारून, ती लावून की काढून, ज्या स्थितीत झोपणार त्याच स्थितीत माप घ्या.

६. लाईट, पाणी आणि जागा

पहिली रात्र यायच्या आधी हे तयार हवं.

लाईट. पहिली शंका सगळ्यांना हीच: मध्यरात्री लाईट गेली आणि मशीन बंद पडली तर गुदमरायला होईल का? नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, आणि नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळं असतं. दाब गेला की बहुतेकांना जाग येते. जाग आली की मास्क काढून ठेवा, कुशीवर वळा. जीव जाण्याची भीती नको, पण रोज लाईट जात असेल तर उपचारच होत नाही, म्हणून इन्व्हर्टर हवा.

हिशेब असा करा. मशीनच्या अ‍ॅडॉप्टरवर ६५ किंवा ९० वॉट असा आकडा दिसेल. तो कमाल असतो. पाणी तापवायची सोय बंद ठेवली तर प्रत्यक्ष खर्च त्याहून बराच कमी, ३० वॉट धरला तरी आठ तासांत २४० वॉट-तास. १५० अ‍ॅम्पिअरची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची, पण जुनी झालेली आणि इन्व्हर्टरमधली तूट धरून त्याच्या निम्मंच हाताला लागतं. म्हणजे एकट्या मशीनला ती सहज पुरते. बॅटरी संपवतात ते पंखे. ७५ वॉटचे दोन पंखे आठ तास चालले की १२०० वॉट-तास गेले. म्हणून लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर एकच पंखा आणि मशीन एवढंच राहील असं वायरमनकडून वेगळं करून घ्या. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा. मशीन थेट बॅटरीला जोडायची असेल तर कंपनीचाच कन्व्हर्टर वापरा. काही मशीनना २४ व्होल्ट लागतात, स्वतः वायर जोडू नका.

बहुतेक अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतात. तुमच्या शिवारात रात्री लोड कमी झाल्यावर व्होल्टेज २४० च्या वर चढत असेल तर स्टॅबिलायझर लावा.

पाणी. ह्युमिडिफायरच्या (मशीनची हवा दमट करणाऱ्या भागाच्या) टाकीत बोअरचं पाणी टाकलं की काही दिवसांत तळाला पांढरा थर बसतो. मेडिकलवर मिळणारं डिस्टिल्ड वॉटर वापरा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं पाणी श्वासासाठी नाही. कधी संपलंच तर एखाद-दोन रात्री उकळून गार केलेलं चालवा. रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून द्या आणि टाकी उघडी वाळू द्या. कालच्या पाण्यात भर घालणं ही फार सर्रास होणारी चूक आहे.

एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यातली हवा इतकी कोरडी असते की ह्युमिडिफायरशिवाय नाकातून रक्त येऊ शकतं. पण खोलीत कूलर चालू असेल तर हवा आधीच दमट असते, तेव्हा ह्युमिडिफायर एक-दोन अंकांनी कमी करा आणि कूलरचा झोत मशीनवर सरळ येणार नाही असं बघा. परभणीकडच्या कडाक्याच्या थंडीत उलट होतं: नळीत पाणी साचून थेंब नाकावर येतात. नळी गोधडीखालून घ्या.

जागा. मशीन बाजेच्या किंवा पलंगाच्या बाजूला छोट्या स्टुलावर, डोक्याच्या पातळीपेक्षा खाली. वर ठेवली तर नळीतलं पाणी मास्कमध्ये येतं, जमिनीवर ठेवली तर धूळ ओढते. मच्छरदाणी असेल तर नळी खालच्या काठातून घ्या. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणार असाल तर मशीनही गच्चीवर न्या, वायर पायात येणार नाही अशी टाका, आणि फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बघा. ‘उन्हाळ्याचे दोन महिने गच्चीवर, म्हणून मशीन बंद’ हे चालणार नाही.

७. पहिली रात्र नव्हे, पहिली दुपार

मशीन आली त्याच रात्री लावून झोपायचा प्रयत्न करू नका. आधी दिवसा. पहिल्या दिवशी मशीन बंद ठेवून नुसता मास्क तोंडाला धरा, पट्टे न लावता. मग पट्टे लावा. मग मशीन चालू करून टीव्ही बघत अर्धा तास बसा. घुसमट वाटली की काढा, पाणी प्या, परत लावा. मग दुपारी मास्क लावून आडवं व्हा. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी यासाठी आठवडाभर घेतला तरी चालेल.

‘रॅम्प’ ही सोय चालू करून घ्या. तिनं दाब कमीपासून सुरू होतो आणि झोप लागेपर्यंत हळूहळू चढतो.

> तपासा: जागेपणी अर्धा तास सलग मास्क लावून बसता येतं का? येत असेल तर आज रात्री लावा. येत नसेल तर उद्या पुन्हा दुपारचा सराव.

८. पहिले पंधरा दिवस

या काळात बरेच जण सोडतात, आणि तेही दुरुस्त होण्यासारख्या कारणांवरून.

तोंड कोरडं पडतं: तोंडातून हवा गळतेय. ह्युमिडिफायर वाढवा, दोन-तीन रात्रींत फरक नाही पडला तर मोठा मास्क बघा. नाक चोंदतं: झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचा नाकाचा स्प्रे, तरी राहिलं तर डॉक्टरांना सांगा. पोट फुगतं, ढेकर येतात: हवा गिळली जातेय, प्रेशर बदलावं लागेल, ते डॉक्टरांनी. डोळे चुरचुरतात: वरच्या कडेनं गळती. पहिल्या काही रात्री खूप स्वप्नं पडली तर घाबरू नका, कित्येक दिवसांची बुडलेली स्वप्नांची झोप शरीर भरून काढतंय.

प्रेशर मनानं कमी करू नका. यूट्यूबवर मेनू उघडायची युक्ती दाखवतात. ती बघून पाहुण्यारावळ्यांनी दाब निम्म्यावर आणला की मशीन रात्रभर चालू राहते आणि श्वास अडतच राहतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पहाटे तीनला लघवीला उठायचं, मास्क काढायचा आणि मग ‘आता काय, दोनच तास उरले’ म्हणून तसंच झोपायचं, हे करू नका. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि त्याच झोपेत अडथळे बहुतेकांना सगळ्यांत जास्त येतात. ते दोन तास सोडणं म्हणजे रात्रीतला सर्वांत वाईट भाग विनाउपचार काढणं. उठताना मास्क काढू नका, फक्त नळीचा जोड सोडा, आल्यावर परत लावा. काही आठवड्यांत रात्रीचं उठणंच कमी झालेलं बऱ्याच जणांना दिसतं, कारण ते उठणंही पुष्कळदा या आजारातूनच आलेलं असतं.

स्वच्छतेचं थोडक्यात: मास्कची गादी रोज ओल्या फडक्यानं, आठवड्यातून एकदा मास्क-नळी-टाकी कोमट पाण्यात सौम्य साबणानं, सावलीत वाळवणं. डेटॉल, ब्लीच, स्पिरिट, कडक ऊन काही नाही.

९. आकडे बघायला शिका

दहा-पंधरा दिवसांनी मशीनच्या स्क्रीनवर किंवा मोबाइल अ‍ॅपवर तीन आकडे बघा: वापराचे तास, गळती, उरलेला एएचआय. उरलेला एएचआय साधारण ५ च्या खाली यायला हवा. तास भरपूर, पण एएचआय अजून १५-२० दिसतोय, तर मशीन लावूनही उपचार अपुरा आहे. गळती, प्रेशर की सेंट्रल अडथळे, हे डॉक्टर शोधतील. एएचआय उत्तम, पण तास तीनच, तर उरलेली रात्र कोरडीच गेली. ‘रोज चार तास पुरे’ हा आकडा तुम्ही ऐकाल. तो वापराचा किमान हिशेब ठेवण्यासाठी वापरतात. झोपेचा प्रत्येक तास मशीनवर, हे तुमचं माप.

आकडे चांगले असूनही दिवसा झोप येत असेल तर सांगा. थायरॉइड, रक्तक्षय, उदासी, अपुरी झोप, बरीच कारणं असू शकतात.

बरं वाटायला लागलं म्हणून बीपीची गोळी मनानं बंद करू नका. मशीननं बीपी थोडं उतरतं, गोळीची जागा ती घेत नाही. आणि बरं वाटलं म्हणून मशीनही बंद करू नका. ती थांबली की अडथळे लगेच परत येतात.

वजन जास्त असेल तर आता, झोप सुधारल्यावर, ते कमी करायला घ्या. शरीराच्या वजनात १० टक्के घट झाली तर एएचआय साधारण चौथाईनं उतरतो असं दिसलं आहे. लठ्ठपणासोबत मध्यम किंवा तीव्र आजार असलेल्यांसाठी टिर्झेपॅटाइड या इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. ते तज्ज्ञांच्या देखरेखीतच घ्यायचं औषध आहे. बरंच वजन उतरल्यावर पुन्हा चाचणी करून मशीनबद्दल ठरवतात, त्याआधी नाही. सगळं करूनही मशीन खरोखर सोसत नसेल तर खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार तज्ज्ञ करतात. मास्क बदलून न बघताच त्या रांगेत उभं राहू नका.

१०. घडी मोडणारे दिवस

रात्रपाळीची लाईट. कृषी पंपाची थ्री-फेज रात्री असली की उसाला, गव्हाला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. अशा आठवड्यात झोप दुपारी होते, तर मशीनही दुपारी. झोप कधी घेतली याच्याशी आजाराला काही देणंघेणं नाही. दुपारची अर्ध्या तासाची डुलकीसुद्धा मास्क लावूनच.

लग्न, वारी, मुक्काम. मशीन पिशवीत जाते, टाकी रिकामी करून न्या. पाणी भरलेलं राहिलं तर ते मशीनच्या आत शिरतं. लांब एक्स्टेन्शन बोर्ड सोबत ठेवा, धर्मशाळेत प्लग हवा तिथे कधीच नसतो. रेल्वेच्या डब्यातल्या चार्जिंग पॉइंटवर विसंबू नका, रात्री ११ ते पहाटे ५ ते बंद ठेवले जातात. स्लीपर ट्रॅव्हल्सऐवजी जमेल तेव्हा दिवसाची गाडी धरा. विमानात मशीन हातातल्या सामानात ठेवा.

ऑपरेशन. मोतीबिंदू असो, हर्निया असो की दात काढणं, भूल किंवा गुंगीचं इंजेक्शन मिळणार असेल तर भूलतज्ज्ञांना ‘तीव्र स्लीप अ‍ॅप्निया आहे, सीपॅप वापरतो’ हे आधीच सांगा आणि मशीन सोबत न्या. भुलीनंतरच्या रात्री वाट मिटण्याचा धोका वाढतो. प्रेशरची चिठ्ठी, रिपोर्टची झेरॉक्स आणि बिलाची प्रत मशीनच्या पिशवीच्या कप्प्यातच ठेवा, म्हणजे घाईत दवाखान्यात जाताना घरातलं कुणीही ती उचलून आणू शकेल.